मुलींचा बँड उभा करताना: पहिल्या सरावापासून पहिल्या कार्यक्रमापर्यंत

मुलीला गाण्याच्या क्लासला घालायला आपल्याकडे फारसं कोणी ना म्हणत नाही. ती प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा देते, गॅदरिंगला गाते, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर गाते. पण त्या स्टेजवर तिच्या मागे कोण बसलंय ते एकदा पाहा. तबल्यावर मुलगा, कीबोर्डवर मुलगा, गिटारवर मुलगा, आवाजाच्या मिक्सरशी दादा. चाल तिसऱ्याच कोणाची. गाणं तिच्या गळ्यातून येतं, पण त्या गाण्यातला एकही निर्णय तिचा नसतो.

हे बदलावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. साधारण तेरा ते अठरा वर्षांच्या मुलींची आई, बाबा, मावशी, शाळेतल्या बाई, सोसायटीतली ताई, कोणीही. तुम्हाला स्वतःला संगीत यायलाच हवं असं नाही. वेळ, एक खोली आणि मधे न बोलण्याचा संयम, एवढं पुरतं.

हे आपल्या मातीत नवं नाही, घरच्यांना पटवताना सांगायला उपयोगी पडेल. बॉम्बे टॉकीजच्या संगीतकार सरस्वतीदेवी, म्हणजे मूळच्या खुर्शीद होमजी, सिनेमात येण्याआधी आपल्या बहिणीबरोबर मुंबईच्या रेडिओवर ‘होमजी सिस्टर्स’ या नावाने कार्यक्रम करायच्या. आबान मिस्त्री यांनी मुंबईत तबल्यावर उभं आयुष्य घालवलं. अनुराधा पाल यांनी १९९६ साली ‘स्त्री शक्ती’ हा फक्त स्त्री वादकांचा वाद्यवृंद उभा केला. आणि पुण्याच्या मिरवणुकीत कमरेला ढोल बांधलेली मुलगी बघून आज कोणी थबकत नाही.

बँड आधी, क्लास नंतर

माझं सगळ्यात ठाम मत आधीच सांगते. ‘आधी नीट शिकू दे, मग बँडचं बघू’ या वाक्याने मुलींचे जितके बँड सुरू होण्याआधी संपवले, तितके दुसऱ्या कशाने संपवले नसतील. नीट शिकणं कधी संपत नाही. तोवर दहावी येते.

अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात २००१ साली ‘रॉक अँड रोल कॅम्प फॉर गर्ल्स’ नावाचं उन्हाळी शिबिर सुरू झालं. त्याची रीत अशी: मुली सोमवारी यायच्या, बऱ्याच जणींनी वाद्य कधी हातातही धरलेलं नसायचं. वाद्य निवडायचं, बँड जमवायचा, आठवडाभरात एक स्वतःचं गाणं करायचं आणि शेवटी ते खऱ्या स्टेजवर, खऱ्या प्रेक्षकांसमोर वाजवायचं. शिकवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. ही रीत पुढे अनेक देशांत गेली, कारण ती लागू पडते. दोन कॉर्ड (एकत्र वाजवायच्या सुरांचे गट) आणि एक ठेका एवढ्यावर मुलीचं पहिलं गाणं उभं राहतं, आणि ते उभं राहिलं की तिसरी कॉर्ड शिकायला ती स्वतःहून धावते. शिकण्याची भूक गाण्यातून लागते. आपण नेहमी उलट्या टोकाने सुरू करतो.

तुम्हाला आठवडा जमणार नसेल तर मे महिन्याच्या सुट्टीत दहा दिवस घ्या, नाहीतर शाळा सुरू असताना रविवार सकाळ धरा. पण पहिल्या दिवशीच कार्यक्रमाची तारीख ठरवून टाका.

मुली जमवणं

चार किंवा पाच जणी. तिघींत एक आजारी पडली की सराव बुडतो, सात जणींत दोघी नुसत्या बसून राहतात.

निवड चाचणी अजिबात घेऊ नका. सूचना लावाल त्यात स्पष्ट लिहा: ‘वाजवता येत नसलं तरी या.’ हे वाक्य नसेल तर ज्यांना खरी गरज आहे त्या मुली येतच नाहीत, फक्त क्लासवाल्या येतात. आल्यावर ‘तुला काय येतं?’ असं विचारू नका, ‘तुला काय वाजवावंसं वाटतं?’ असं विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. बऱ्याच मुलींना हा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारलेला असतो, थांबा.

ठेका धरणारी मुलगी शोधायची तर ढोल-ताशा पथकात, लेझीम पथकात, शाळेच्या बँडपथकात बघा. तिथे हात तयार असतात. मावशी-काकूंच्या भजनी मंडळात टाळ धरणारी भाची असेल तर तिलाही विचारा. जिला गायचंही नाही आणि वाजवायचंही नाही, पण यायचं आहे, तिला मिक्सर आणि केबलींचं काम द्या. आवाजाचं तंत्र जाणणाऱ्या मुली आपल्याकडे फारच कमी आहेत.

वयात फार अंतर नको. सातवीतली आणि बारावीतली एकत्र आल्या तर सगळे निर्णय बारावीतली घेते.

वाद्यं

इथे लोक घाईने पैसे घालवतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी घरात, नातेवाइकांकडे, माळ्यावर काय पडलंय ते बघा. आजीची पेटी निघते, काकांचा तबला-डग्गा निघतो, कोणाचा जुना कीबोर्ड निघतो. पेटी असलेला बँड हा कमी प्रतीचा बँड नव्हे. सूर धरून ठेवायला आणि चाल बसवायला पेटीइतकं सोयीचं वाद्य दुसरं नाही.

विकत घ्यायचंच असेल तर पहिलं वाद्य युकुलेले घ्या, असं मी सुचवेन. गिटारसारखंच, पण छोटं वाद्य. चार तारा, त्याही नायलॉनच्या, त्यामुळे बोटं सोलत नाहीत. सूर लावायचे जी, सी, ई, ए. सी कॉर्ड एका बोटाने लागते: ए तारेचा तिसरा पडदा (दांड्यावरच्या आडव्या रेघांना पडदे म्हणतात). ए मायनरही एका बोटाने: जी तारेचा दुसरा पडदा. त्यातच ई तारेच्या पहिल्या पडद्यावर एक बोट वाढवलं की एफ. पहिल्या तासाभरात मुलीच्या हातात तीन कॉर्ड असतात. गिटारवर एवढं जमायला काही आठवडे जातात.

गिटारच हवी म्हणाली तर गिटारच द्या, पण अगदी स्वस्तातली नको. तिच्या तारा पडद्यांपासून उंच असतात, दाबताना बोटं दुखतात, सूर दर दहा मिनिटांनी उतरतो आणि मुलीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. वापरलेली, पण बरी गिटार कधीही चांगली. घेण्याआधी वाजवणाऱ्या कोणाला तरी बरोबर न्या. नायलॉनच्या तारांची घेतली तर सुरुवात सुसह्य होते.

ड्रमकिट सुरुवातीला नको. महाग, जागा खाणारं आणि शेजाऱ्यांशी भांडण लावणारं. त्याऐवजी काहोन घ्या. हा लाकडी खोका असतो, त्यावर बसून समोरच्या फळीवर हाताने वाजवायचं. मधोमध मारलं की खोल, घुमणारा आवाज आणि वरच्या कडेला मारलं की टणक आवाज. धा आणि धिं मधोमध, ना कडेला, असं सांगितलं की तबल्याचा केरवा हा आठ मात्रांचा ताल ऐकलेली मुलगी पाच मिनिटांत ठेका धरते.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ किती उंच धरायचा ते. सिनेमातली बरीच गाणी पुरुषांच्या पट्टीत असतात. मुली त्याच पट्टीत गायला बघतात, आवाज खाली घुसमटतो किंवा वर किंचाळतो, आणि ‘माझा आवाजच चांगला नाही’ असा समज होतो. मुलींना साधारण काळी चार किंवा काळी पाच (पेटीच्या सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून) सोयीची पडते. गिटारवर पहिल्या पडद्याला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून जी, सी, डी, ई मायनर याच सोप्या कॉर्ड धरल्या की पट्टी आपोआप काळी चार होते. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण असतं, ते वापरायला लाज वाटू देऊ नका. या वयात मुलींचाही आवाज बदलतो, मुलांइतका नाही, पण थोडा खाली येतो, त्यात हवा मिसळते. त्या काळात ‘मागच्या वर्षी किती छान गायचीस’ असं कृपा करून म्हणू नका.

जागा आणि पालक

शाळेचा एखादा वर्ग, सोसायटीचा हॉल, वाचनालयाची वरची खोली. जागा घराजवळ असावी, येण्या-जाण्याचा रस्ता उजेडाचा असावा आणि सराव दिवेलागणीच्या आत संपावा. एक प्रौढ बाई शेवटची मुलगी घरी पोहोचेपर्यंत जबाबदार हे पहिल्याच दिवशी ठरवा. पहिल्या सरावाआधी पालकांना एकदा एकत्र बोलवा, चहा द्या, वेळ, जागा आणि तुमचा फोन नंबर कागदावर लिहून द्या. बरेच बाबा ‘नको’ म्हणतात ते संगीताला नसतं, ‘रात्री कोण सोडणार?’ याला असतं. तो प्रश्न सुटला की नकार विरतो.

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी. ॲम्प (वाद्याचा आवाज मोठा करणारा स्पीकर) लावणार असाल तर शेजारच्या काकांना आधीच सांगून ठेवा. मुलींच्या कानांचीही काळजी घ्या. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं मानलं, तर दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो; १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रम आणि ॲम्प असतील तर कानात बोळे घालायला लावा, स्वतःही घाला.

पहिला सराव

दीड तास पुरे. सुरुवातीची दहा मिनिटं सूर लावायला. फोनवर ट्यूनरचं ॲप असतं, पण फोन तुम्ही धरू नका आणि खुंट्याही तुम्ही पिळू नका. तार तुटली तर तुटू दे, दुसरी मिळते. स्वतःचं वाद्य स्वतः सुरात लावणारी मुलगी पुढे कोणावर अवलंबून राहत नाही.

मग पंधरा मिनिटं वाद्यं बाजूला ठेवून सगळ्यांनी मांडीवर केरवा: धा गे ना ति, न क धिं ना. आठ मात्रा. आधी सगळ्या मिळून, मग एकीने मात्रा मोठ्याने मोजायच्या आणि बाकीच्यांनी फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी द्यायची. नव्या बँडचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा सुरात नाही, लयीत. लय धावते, आणि प्रत्येकीला वाटतं दुसरीच धावतेय.

पुढची पंचवीस मिनिटं प्रत्येकीने आपापल्या कोपऱ्यात दोन कॉर्ड किंवा दोन सूर घोटायचे. गोंगाट होईल. होऊ द्या, हा गोंगाट कमावलेला आहे. मग अर्धा तास सगळ्यांनी एकत्र, तेच दोन कॉर्ड, चार-चार आवर्तनं, न थांबता. चुकलं तरी थांबायचं नाही, पुढच्या समेला पकडायचं. हा एकच नियम मी कडक पाळायला लावते. शेवटच्या दहा मिनिटांत फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका आणि वहीत लिहून ठेवा: कोणी काय वाजवलं, कुठे सुटलं.

दुसऱ्या सरावाला बँडचं नाव ठरवू द्या. त्यावर अर्धा तास वाद झाला तर तो वेळ वाया गेला असं समजू नका. नाव ठरलं की तो बँड होतो.

स्वतःचं गाणं

इथे बहुतेक मोठी माणसं डगमगतात. ‘आधी चार ऐकलेली गाणी बसवू’ म्हणतात. ऐकलेलं गाणं बसवलं की मुली दिवसभर मूळ गाण्याशी तुलना करतात आणि हरतात. स्वतःच्या गाण्याला तुलनाच नसते. ते त्या वाजवतात तसंच असतं.

शब्द कुठून आणायचे? आपल्या आज्या-पणज्यांकडून. जात्यावर दळताना बायकांनी रचलेल्या ओव्यांपैकी एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. त्या बायकांनी कुठे क्लास लावला नव्हता. सासर, भाऊ, पाऊस, दुखणं, देव, जे समोर होतं ते त्यांनी ओवीत घातलं. या ओव्या बहुतेक दोन ओळींच्या असतात आणि एका ओळीला दुसरी उत्तर देते. मुलींना हाच साचा द्या. प्रत्येकीने एका कागदावर एक ओळ लिहायची: आज सकाळी कशाचा राग आला, किंवा कोणाला काय सांगायचं राहिलं. कागद डावीकडच्या मैत्रिणीकडे द्यायचा, तिने दुसरी ओळ लिहायची. यमक जुळलं तर ठीक, नाही जुळलं तरी ठीक. वीस मिनिटांत पाच जोड्या तयार होतात. त्यातली जी सगळ्यांनाच पुन्हा पुन्हा म्हणाविशी वाटते ती धृपद, दोन जोड्या कडवी. झालं.

चालीसाठी पेटीवर सा-प धरून ठेवा आणि ओळ आधी नुसती बोलायला लावा, भांडताना बोलतो तशी किंवा हाक मारतो तशी. बोलण्याला स्वतःचा चढ-उतार असतोच, तोच थोडा ताणला की चाल होते. एकीची चाल दुसरीने उचलायची, बदलायची. भोंडल्याला फेर धरून एकमेकींच्या ओळी झेलत गायल्या असतील तर हे त्यांना मुळीच परकं वाटणार नाही.

विषयावर बंधन घालू नका. बसमधला त्रास, आईशी भांडण, पाळीच्या दिवशी पीटीचा तास, मोबाइल काढून घेतला त्याचा राग, काहीही येईल. २०२१ साली लॉस अँजेलिसच्या सार्वजनिक वाचनालयात ‘द लिंडा लिंडाज’ या चार मुलींच्या बँडने वाजवलेलं एक गाणं जगभर पोहोचलं. ते गाणं, वर्गातला एक मुलगा त्यांच्यातल्या एकीला वंशावरून जे बोलला, त्या रागातून आलं होतं. ड्रम वाजवणारी तेव्हा दहा वर्षांची होती, सगळ्यात मोठी सोळाची. कोणी त्यांना ‘जरा गोड विषय घ्या’ म्हणालं असतं तर ते गाणं झालंच नसतं.

गाणं पूर्ण झालं की वहीत तारीख घालून लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची. गाण्याचा हक्क रचणाऱ्यांकडे आपोआपच येतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण पुढे मैत्रिणींत रुसवे नकोत.

तुमचं काम

दार उघडणं, पाणी ठेवणं, वेळ पाळणं, कोणी रडली तर जवळ बसणं. चाल सुचवणं हे तुमचं काम नाही. ‘असं कर ना, छान वाटेल’ हे वाक्य जिभेवर आलं की गिळा. एखाद्या मुलीचा हुशार दादा येतो, ‘दे इकडे, दाखवतो’ म्हणत गिटार घेतो आणि वीस मिनिटं वाजवतो. त्याला प्रेमाने पण ठामपणे सांगा: दाखवायचं तोंडाने, वाद्य तिच्याच हातात राहील. जमलं तर वाद्य वाजवणारी एखादी ताई महिन्यातून एकदा बोलवा. तिने शिकवलं नाही, नुसतं वाजवून गप्पा मारल्या तरी मुलींच्या डोळ्यांसमोर एक वाट उभी राहते.

शाळेतल्या बाई-सरांना तर माझी खास विनंती आहे. इंडोनेशियात पश्चिम जावातल्या गारुत भागातल्या तीन शाळकरी मुलींनी २०१४ साली ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हा मेटल, म्हणजे जोरकस रॉक वाजवणारा, बँड काढला. त्यांना या संगीताची ओळख करून देणारे होते त्यांच्याच शाळेतले एक शिक्षक. २०२४ साली त्या इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवणारा इंडोनेशियातला पहिला बँड ठरल्या. प्रत्येक बँडने तिथे पोहोचायला हवं असं मुळीच नाही. पण एका शिक्षकाने किल्ली दिली म्हणून खोली उघडली, एवढं लक्षात घ्या.

पहिला कार्यक्रम

स्पर्धा नको. पहिल्यांदाच नंबर लावला की पाचातल्या दोघी घरी बसतात. वाचनालय, शाळेचं सभागृह, सोसायटीची कोजागरी अशी जागा बघा. तीन गाणी, त्यातलं एक स्वतःचं. पंधरा मिनिटं.

साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीला, मुलींनी स्वतः बोलायचं, आई-बाबांनी नाही. आधी ठेका, मग बास गिटार असेल तर ती, मग गिटार आणि कीबोर्ड, शेवटी आवाज. ‘दादा, मॉनिटरमध्ये माझा आवाज थोडा वाढवा’ (मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) हे वाक्य घरी दोन-चार वेळा म्हणून बघायला लावा, कारण तिथे संकोच होतो. माइकची जाळी मुठीत धरायची नाही, माइक स्पीकरच्या दिशेने न्यायचा नाही, म्हणजे शिट्टी येणार नाही. दोन जास्तीच्या केबली, तारांचा एक संच आणि एक एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या.

दुसऱ्यांची गाणी शाळेत फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसमोर सादर करायला कायद्याने सूट आहे. तिकीट लावून जाहीर कार्यक्रम असेल तर परवान्याचं आयोजकांना आधी विचारा.

नेटवर टाकताना

खातं बँडच्या नावाने काढा, पासवर्ड एका मोठ्या माणसाकडेही असू द्या. शाळेचा गणवेश, घराची पाटी, मुलींची पूर्ण नावं व्हिडिओत दिसू देऊ नका. पहिले काही महिने कमेंट बंदच ठेवा. श्रीनगरच्या ‘प्रगाश’ या तीन शाळकरी मुलींच्या बँडने डिसेंबर २०१२ मध्ये पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्यानंतर नेटवर शिवीगाळ आणि धमक्या सुरू झाल्या, राज्याच्या मुख्य मुफ्तींनीही विरोधात मत दिलं, आणि काही आठवड्यांतच मुलींनी बँड थांबवला. दोष त्यांच्या वाजवण्यात नव्हता. अशा वेळी मुलगी एकटी फोन घेऊन रात्री वाचत बसली आहे असं होता कामा नये. धमकी आली तर स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. अशा तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येतात.

दहावी आली की

बँड इथे मोडतात. जून उजाडतो, क्लासचं वेळापत्रक येतं आणि घरून फर्मान निघतं: मार्चपर्यंत सगळं बंद. याची तयारी आधीच्या वर्षीच करा. आठवड्याचा सराव पंधरा दिवसांवर आणा, दीड तासाचा एक तास करा, कार्यक्रम घेऊ नका, पण पूर्ण थांबवू नका. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी, आणि शेवटच्या पेपरनंतरच्या रविवारी सराव, ही तारीख आत्ताच वहीत लिहून पालकांनाही दाखवा. पालकांशी असं नेमकं बोललात तर बहुतेक घरं ऐकतात.

कोणी गाव सोडून गेली, कोणाचा रस संपला, असंही होणारच. म्हणून प्रत्येक गाण्याच्या कॉर्ड, ठेका आणि प्रत्येकीचा भाग वहीत ठेवा, आणि प्रत्येकीचा भाग सुटा वाजवून त्याचं ध्वनिमुद्रणही करा. नवी मुलगी आली की जाणाऱ्या मुलीने तिला दोन सराव शेजारी बसवून वाजवून दाखवायचं, वही हातात द्यायची आणि काहोनवरून उठायचं.